पंचकाकांची सुतळी

मला एका जागी बसवत नाही. लहानपणी चर्चमध्ये माझ्या मांडीला चिमटे काढून काढून आई थकायची. उपासना चाललेली असायची आणि माझं लक्ष कधी पंख्यावर, कधी पुढच्या बाईच्या अंबाड्यावर, आणि सगळ्यात जास्त पाठीमागे, दाराजवळ. तिथे एक माणूस उभा असायचा आणि त्याला कुणी चिमटे काढत नव्हतं. बाकं रिकामी असली तरी तो बसायचा नाही. पाळकसाहेब उपदेश करता करता डावीकडे सरकले की हाही मागे डावीकडे सरकायचा, ते उजवीकडे आले की हा उजवीकडे. पांढरी पँट, पांढरा शर्ट, खडूनं पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट, गळ्यात काळ्या गोफात शिट्टी. शिट्टी मात्र शर्टाच्या आत. देवाच्या घरात शिट्टी बाहेर काढायची नाही, एवढी एक सवलत त्यानं देवाला दिली होती.

हे आमचे पंचकाका. नाव वेगळं होतं, पण ते फक्त रेल्वेच्या कागदावर. पूर्णा जंक्शनला ते गाड्यांचे रूळ बदलणारे पॉइंट्समन होते. नोकरी रेल्वेची आणि जीव कबड्डीचा. जिल्ह्यात कुठंही सामने असले, गावची जत्रा असो की शाळेचं मैदान, पंच म्हणून बोलावणं यांनाच. ड्यूटी बदलून घ्यायचे, हाफ डे टाकायचे, साहेबांच्या शिव्या खायचे आणि मिळेल त्या एसटीनं पोचायचे.

त्यांच्या तऱ्हा सांगायला बसले तर माझी शाळा बुडेल. ज्या गावात सामना, त्या गावचा चहा घ्यायचा नाही. पाणीसुद्धा घरून बाटलीतून. डबा काकूंच्या हातचा, तोही मैदानाच्या कडेला उभ्यानं खायचा. सामना संपला, की मग कुणाच्याही ओट्यावर बसून दोन-दोन कप प्यायचे. काकू म्हणायच्या, ह्यांना घरीसुद्धा चहा देताना मी आधी इचारते, आपला काही सामना चालू न्हाई ना? नाताळच्या नाटकात एकदा मेंढपाळ झालेली पोरं पडद्याच्या पुढे आली, तर काकांनी मागून हात वर करून तिघांना बाद दिलं. पोरं शिकवल्यासारखी मुकाट्यानं खाली उतरली आणि बाळ येशूला भेटायला एकटी मेंढीच राहिली. ती मेंढी मी होते.

लोक त्यांच्याकडे बांधाची भांडणंही घेऊन यायचे. मोठे भाऊ, धाकटे भाऊ, दोघंही म्हणायचे काका, तुमीच फैसला करा. काका सरळ हात जोडायचे. म्हणायचे, कबड्डीत माणसाचा दम कधी ना कधी तुटतो, तुमचा दोघांचा तुटंना झालाय, मी कुठवर उभा राहू?

आणि त्यांची सुतळी. मातीच्या मैदानावर रेषा फक्कीनं आखतात. दोन चढाया झाल्या की पांढरी फक्की पायांनी पुसून जाते, आणि मग रेषा होती कुठं यावरून डोकी फुटतात. काकांनी यावर आपली युक्ती काढली होती. सामन्याच्या आधी सकाळीच जायचे, मैदानाच्या मधोमध या टोकापासून त्या टोकापर्यंत सुतळी ताणायची, दोन्ही टोकांना लोखंडी खिळे ठोकायचे, वरून बोटभर माती सारायची आणि मग त्यावर फक्की. वाद झाला की गुडघ्यावर बसायचं आणि नखानं माती उकरायची. खाली सुतळी दिसली की बोलणं खुंटलं. सुतळीचा गुंडा त्यांच्या पिशवीत कायम असायचा. बाजारात काकूंनी भाजी बांधायला मागितला तरी द्यायचे नाहीत.

आता ताडकळसची गोष्ट, माझ्या लहानपणीची. ही गोष्ट आमच्या चर्चमध्ये माहीत नाही असं माणूस नाही. आमच्या पूर्णा तालुक्यातलंच ते मोठं गाव. जत्रेतले सामने, शेवटची लढत, ताडकळसचाच संघ आणि समोर बाहेरगावचा. दोघांचे गुण सारखे. शेवटची चढाई ताडकळसच्या माधवची. पोरगा वाऱ्यासारखा होता म्हणतात. त्यानं गडी शिवला, पण परत फिरताना चौघांनी त्याला धरलं. ओढत, सरपटत त्यानं मध्यरेषेकडे हात टाकला. कबड्डी कबड्डी म्हणत, दम न तोडता रेषेला नुसतं बोट लागलं असतं तरी गाव जिंकलं असतं. फक्की तर कधीच पुसलेली. अख्खं गाव मैदानात घुसलं. काका गुडघ्यावर बसले, माती उकरली. सुतळी निघाली. माधवच्या बोटांची खूण सुतळीच्या अलीकडे होती, जेमतेम बोटभर. काका उठले, हात वर केला आणि म्हणाले, बाद.

लोक अंगावर धावून आले. कुणीतरी त्यांना जीपमध्ये बसा म्हणालं तर बसले नाहीत. तिथंच मैदानाच्या कडेला डबा उघडून भाकरी खाल्ली. चहा मात्र त्या दिवशी सामना संपल्यावरही कुणी विचारला नाही.

पाळकसाहेबांनी ही गोष्ट उपदेशात घेतली. पहिल्यांदा ऐकली तेव्हा अंगावर काटा आला होता. मग पाळक बदलले, पण गोष्ट तीच राहिली. नवे पाळक आले की वडीलमंडळी बायबलच्या आधी त्यांच्या हातात ही गोष्ट द्यायची. सत्याची रेषा मातीखाली असते, उकरली की दिसते, असं पाळक मोठ्या आवाजात सांगायचे. मी मागे वळून बघायची. गोष्ट सुरू झाली की काका हळूच दाराबाहेर जायचे आणि कडुलिंबाखाली फेऱ्या मारायचे. आम्हाला वाटायचं, केवढा हा नम्र माणूस. सत्कारालाही ते असेच. कुणी शाल आणली की हे नाहीसे. जिल्ह्याच्या कबड्डीवाल्यांनी त्यांना उभ्या आयुष्याच्या पंचगिरीसाठी मोठा पुरस्कार दिला, तर त्या कार्यक्रमालाही गेले नाहीत. शेवटी ते स्मृतिचिन्ह आमच्या पाळकसाहेबांच्या हवाली झालं. मग मंडळीनं ठरवलं, आता आपणच सत्कार करू, आपल्या चर्चमध्येच करू, आता कुठं पळतात बघू.

दिवस निवडला हंगामाच्या सणाचा. त्या दिवशी आमच्याकडे प्रत्येक घर आपापलं पीक चर्चला आणतं आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. ज्वारीची कणसं, हरभऱ्याचे डहाळे, भोपळे, पाय बांधलेल्या कोंबड्या. सगळी जबाबदारी माझ्यावर, कारण मी शाळेत मास्तरीण, म्हणजे माझ्याकडे वेळच वेळ असं सगळ्यांचं मत. सकाळपासून माझा जीव टांगणीला. हार आला तर नारळ नाही, नारळ आला तर माइक खरखरतोय. आणि उपासना सुरू झाली तरी दाराजवळची जागा मोकळी. मी दर गाण्याला मागे बघतेय. पाळकसाहेबांनी मला डोळ्यांनीच खुणावलं. मी स्कूटी काढली आणि काकांच्या घरी.

काका तयार होते. पांढरे कपडे, पांढरे बूट, सगळं. अंगणात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या मारत होते. काकू दारात डोक्याला हात लावून बसल्या होत्या. मला म्हणाल्या, पहाटेपासून असंच चाललंय, बघ तुझं काही ऐकतात का.

मी तर चिडूनच होते. म्हटलं, काका, लोक खोळंबलेत. हार सुकायलाय. चला गुमान.

ते थांबले. मला वाटलं, रागावणार. पण त्यांचा चेहरा बघून मीच वरमले. इतकं अस्वस्थ माणूस मी आजवर बघितलं नव्हतं.

“पोरी, आज पाळकसाहेब ती गोष्ट सांगतील ना?” त्यांनी विचारलं.

“सांगतीलच की.”

“त्या गोष्टीत खिळा न्हाई.”

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. सांगताना एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. ताडकळसला त्या दिवशी सगळी पांगापांग झाल्यावर ते सुतळी गुंडाळायला गेले. या टोकाचा खिळा काढायला दगडानं ठोकावं लागलं. त्या टोकाचा खिळा नुसत्या हातानं वर आला. सैल होता. झोंबाझोंबीत कुणाच्या तरी पायाला सुतळी अडकली असेल, ओढली गेली असेल. म्हणजे उकरून काढलेली सुतळी जागेवर होती की सरकलेली होती, कुणास ठाऊक. सुतळी माधवपासून लांब सरकली असेल, तर खरी रेषा त्याच्या बोटाखाली होती.

“मग दम?” मी विचारलं. “दम चालू होता का त्याचा?”

“गाव वरडत होतं. मला त्याचा दम ऐकूच आला न्हाई. म्हून तर सुतळीवर फैसला दिला.”

त्या सामन्यावरून जिल्ह्याचा संघ निवडणार होते. माधवला घेतलं नाही. पोरानं खेळच सोडला. आणि हा माणूस तो खिळा छातीत घेऊन इतकी वर्षं चर्चमध्ये पाठीमागे उभा. आम्ही त्याला नम्रता म्हणत होतो. मला एकदम भडभडून आलं आणि रागही आला. म्हटलं, काका, मग इतक्या वर्षांत एकदा जाऊन सांगायचं होतंत.

“पंचानं फैसला दिल्यावर माघारी जायाचं नसतंय,” ते म्हणाले. “पण शाल घ्यायची तर जावं लागंल. मला ताडकळसला सोड.”

मी काय काय म्हटलं ते सांगत नाही. लिलाव, जेवण, पाळकसाहेब, माझी अब्रू, सगळं मोजून दाखवलं. ते ऐकत राहिले आणि स्कूटीच्या मागच्या सीटवर जाऊन बसले. काकू म्हणाल्या, जा बाई घेऊन, न्हाईतर चालत निघतील.

पूर्णा-ताडकळस रस्ता काही लांब नाही, पण त्या दिवशी संपेना. खड्डा आला की काका मागून माझा खांदा धरायचे. मोबाइल सारखा वाजत होता. मी एकदाच थांबून उचलला आणि पाळकसाहेबांना सांगितलं, आधी लिलाव उरका, सत्कार शेवटी. त्यांनी कारण विचारायच्या आत बंद केला. दोन्ही बाजूंना तुरीची काढणी चालली होती. काका एक अक्षर बोलत नव्हते. मला मात्र सारखं वाटत होतं, तो माधव कसा असेल, काय म्हणेल, हात तर नाही टाकणार? म्हाताऱ्या माणसाला मारहाण झाली तर मी चर्चमध्ये काय तोंड दाखवू?

माधवचं ताडकळसला बसस्टँडजवळ सरकी-पेंडीचं दुकान. पत्ता विचारावा लागला नाही. पानटपरीवाल्यानं काकांच्या बुटांकडे बघितलं, शर्टाच्या आत गेलेल्या गोफाकडे बघितलं आणि न विचारता बोट दाखवलं. ताडकळस विसरलं नव्हतं.

माधव आता चांगला पोट सुटलेला, केसांत पांढरं. पोत्याला टेकून उभा होता. आत बाजेवर त्याचे वडील बसले होते, अण्णा म्हणत त्यांना. अण्णांनी काकांना ओळखलं आणि त्यांचा चेहराच फिरला. “हा बघ आला,” ते म्हणाले. “माज्या लेकाची फायनल खाल्ली यानं. आता काय खायला आलाय?”

माधवनं वडिलांना गप केलं आणि काकांपुढे स्टूल सरकवलं. काका बसले नाहीत. माधवनं पोऱ्याला चहा आणायला सांगितलं. काकांनी हात आडवा केला.

“आधी ऐक,” ते म्हणाले. “खिळा निसटला होता. सुतळी सरकली असंल. तुजा हात रेषेला लागला असंल. मला म्हाईत न्हाई. मला म्हाईत न्हवतं तरी मी तुला बाद दिलं.”

अण्णा बाजेवरून उठले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. “ऐकलंस का रं,” ते माधवला म्हणाले, “मी सांगत न्हवतो का? अख्ख्या गावाला सांगत न्हवतो का?” अण्णांनी आयुष्यभर ज्या शब्दाची वाट बघितली तो शब्द आज दारात चालत आला होता, त्यांचं चुकलं कुठं?

माधवनं एकदा वडिलांकडे बघितलं, एकदा काकांच्या त्या पांढऱ्या बुटांकडे. बुटांवर रस्त्याची धूळ बसली होती. मग त्यानं हात वर केला. कबड्डीत गडी आपणहून बाद कबूल करतो तसा.

“काका, दम तुटला होता माजा,” तो म्हणाला. “हात पोचायच्या आधीच. रेषा कुटंबी असू द्या. मी बादच होतो.”

अण्णा त्याच्याकडे बघतच राहिले. मग बाजेवर बसले आणि भिंतीकडे तोंड केलं.

काका माधवच्या तोंडाकडे बघत होते. पंच बघतो तसं, पापणी न हलवता. मग काकांनी स्टूल ओढलं आणि बसले. गुडघ्यांवर हात ठेवून, थकल्या माणसासारखे. “सांग चहा,” म्हणाले.

ताडकळसचा चहा काकांनी त्या दिवशी पहिल्यांदा घेतला. बशीत ओतून, फुंकून, शेवटच्या थेंबापर्यंत. माधव त्यांना विचारत होता, आता नजर कशी हाय, गाडीनं आलाव का, काकू बऱ्या हायत का. काका उत्तरं देत होते. त्यांचे पाय पहिल्यांदाच स्थिर बघितले मी.

निघालो. काका स्कूटीजवळ पोचले आणि माझ्या लक्षात आलं, हेल्मेट आतच राहिलंय. मी परत गेले. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. अण्णा अजून भिंतीकडेच तोंड करून होते. मी दारात असतानाच त्यांनी विचारलं, “खरं का रं? दम तुटला होता?”

माधव मोकळे कप गोळा करत होता. मी उभी आहे हे त्याला दिसलं नव्हतं.

“अण्णा,” तो म्हणाला, “म्हातारा बसला ना. चहा पिला ना.”

मी हेल्मेट उचललं. माधवनं मान वर करून बघितलं. मी नुसती मान हलवली आणि बाहेर पडले.

येताना काका बोलायला लागले. हवा कशी आहे, तूर कशी आहे, साहेबांचा उपदेश किती लांबतो, सगळं. मग गाव मागे पडल्यावर एकदम गप झाले. मला कळलं, आता विचारणार.

“पोरी,” मागून आवाज आला, “खरंच तुटला असंल का गं दम त्याचा?”

समोरून ट्रक येत होता. तो गेल्यावर मी म्हणाले, “काका, फैसला झाला. आता माघारी जायाचं नसतंय.”

ते माझ्या पाठीमागे हसले. मोठ्यानं हसले. मी रस्त्याकडे बघत राहिले आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

चर्चमध्ये पोचलो तेव्हा लिलाव संपत आला होता. शेवटची कोंबडी उरली होती आणि वडीलमंडळी भुकेनं वैतागली होती. पाळकसाहेबांनी माझ्याकडे असं बघितलं की इतर दिवशी मी मेलेच असते. शाल आली, नारळ आला, स्मृतिचिन्ह आलं, हार खरंच सुकला होता. साहेबांनी गोष्ट सांगितली. सुतळी, माती, नख, सत्य, सगळं होतं. काका बाहेर गेले नाहीत. ऐकून घेतलं, शाल घेतली, माइक हातात आल्यावर एवढंच म्हणाले, “माधव खरा खेळाडू हाय.” कुणाला काही कळलं नाही, तरी टाळ्या वाजल्या. मग ते खाली उतरले आणि पुढच्या बाकावर, तोवर चर्चला आलेल्या काकूंच्या शेजारी जाऊन बसले. काकूंनी त्यांना जागा करून देण्याआधी एकदा त्यांच्याकडे नीट बघून घेतलं.

त्यानंतर ते दर रविवारी बसायचे. पावसाळा संपता संपता गेले. शिट्टी काकूंनी त्यांच्याबरोबरच पेटीत दिली. सुतळीचा गुंडा मला दिला.

आता आमच्या चर्चमध्ये पाठीमागे दाराजवळ मी उभी असते. पाळकसाहेब विचारतात, बाई, बसत का नाही? मी म्हणते, मला लहानपणापासून एका जागी बसवत नाही.